संत गोन्सालो गार्सिया : कोंकणकिनाऱ्यावरील रक्तसाक्षी

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी पुस्तिकेंत तरुणांसाठीं एखाद्या संताचें चरित्र द्यावें असें ठरलें, तेव्हां दूरच्या देशांकडे पाहण्याचें आम्हांस कारण वाटलें नाहीं. आपल्याच कोंकणकिनाऱ्यावर, वसई येथें, सुमारें १५५७ सालीं गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई याच भूमीची. येशूसंघाच्या पाद्रींपाशीं त्यांचें शिक्षण झालें व वयाच्या सुमारें पंधराव्या वर्षीं ते एका पाद्रींसोबत जपानास गेले.

तेथें जपानी भाषा आत्मसात करून त्यांनीं आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाहीं. आमच्या मतें त्यांच्या श्रद्धेची पहिली कसोटी येथेंच लागली. छळापुढें टिकणें कठीण खरेंच; परंतु ज्या दारीं सेवा केली तेथेंच निराशा पदरीं आली असतां मन कडू होऊं न देणें, हेंहि कांहीं सोपें नव्हे. पुढें ते व्यापारांत शिरले आणि त्यांत त्यांस चांगलें यश आलें. घर दूर, हातांत पैसा, विचारणारें कोणी नाहीं! रत्नागिरीचीं जीं मुलें आज मुंबईस किंवा आखातांत नोकरीस जातात, त्यांस ही स्थिति समजावून सांगावयास नको. गोन्सालो यांनीं तो भरभराटीचा व्यापार सोडला व मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे ब्रदर म्हणून प्रवेश केला.

१५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांजबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत आले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी यानें १५८७ सालींच धर्मप्रचारकांस देश सोडण्याचा हुकूम केला होता. १५९६ सालीं एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें, त्यावरून संशय बळावला आणि धरपकड झाली. क्योतो येथें बंदिवानांचे डावे कान कापले. मग भर हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत चालविलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रूसावर बांधून भाल्यांनीं भोसकलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते. बाकीचे वीस जपानी.

त्या विसांत तीन मुलें होतीं. बारा वर्षांच्या लुईसास, धर्म सोडशील तर जीव वांचेल, असें अधिकाऱ्यानें सांगून पाहिलें. त्यानें तें नाकारलें. आन्तोनियो तेरा वर्षांचा होता. पोप नववे पायस यांनीं ८ जून १८६२ रोजीं या सर्वांस संतपद दिलें, तेव्हां गोन्सालो हे भारतभूमींत जन्मलेले पहिले संत ठरले. त्याच दिवशीं चौदा वर्षांचा तोमासहि संत झाला. त्याचे वडील मिगेल त्याच्याबरोबरच क्रूसावर मेले. तोमासानें वाटेंत आईस पत्र लिहिलें होतें, आणि त्यांत त्याची काळजी होती ती धाकट्या दोन भावांची : त्यांचा विश्वास कोण जपणार? तें पत्र बापाच्या वस्त्रांत, रक्तानें माखलेलें, सांपडलें.