ल्यूथर बरबँक : तेवीस बियांचा धनी

बटाटा लावायचा तो डोळा असलेल्या फोडीपासून, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. फोडीतून मूळ वाण जसाच्या तसा उगवतो. बी मात्र दर वेळी निराळे रूप घेऊन येते. वनस्पतींच्या या दुहेरी स्वभावावर ल्यूथर बरबँक यांनी आपले आयुष्य उभारले.

त्यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच होते. परंतु डार्विन यांच्या ग्रंथांनी त्यांना दृष्टी दिली. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी लुननबर्ग येथे जमीन घेतली. तेथे ‘अर्ली रोज’ या वाणाच्या बटाट्याला क्वचितच धरणारे फळ त्यांना दिसले. त्यातील २३ बिया त्यांनी पेरल्या. त्यांतील एका रोपाचे बटाटे मोठे, भरघोस आणि टिकाऊ निघाले. त्याचे हक्क १५० डॉलरला विकून, स्वतःसाठी राखलेले दहा बटाटे घेऊन, १८७५ मध्ये ते कॅलिफोर्नियातील सँटा रोझा येथे आले. आज अमेरिकेत तळणीसाठी प्रसिद्ध असलेला ‘रसेट बरबँक’ हा त्याच वाणात पुढे आपोआप झालेला बदल होय.

१८८१ मध्ये एका बागाईतदाराने एका हंगामात वीस हजार प्रून-झाडे मागितली. बीपासून इतक्या लवकर झाडे होणे अशक्य होते. बरबँक यांनी झटपट उगवणारे बदाम खुंट म्हणून लावले, उन्हाळ्यात त्यांवर प्रूनचे डोळे भरले आणि वर्षअखेरीस मागणी जवळजवळ पूर्ण केली.

पुढे ‘शास्टा डेझी’, ‘सँटा रोझा’ प्लम यांसह आठशेहून अधिक वाण त्यांच्या नावावर जमा झाले. हजारो रोपांतून एखादेच निवडून बाकीची ते जाळून टाकीत. १९०५ पासून कार्नेगी संस्थेने त्यांना वर्षाला दहा हजार डॉलर दिले. पण प्रयोगांच्या नोंदी शास्त्रीय कसोटीस उतरेनात, म्हणून काही वर्षांतच ते अनुदान थांबले.

त्यांची खरी अडचण याहून खोल होती. बीपासून नवे रूप मिळवायला अनेक वर्षे लागत. ते एकदा विकले की कोणीही एका काडीवरून त्याची हजारो कलमे करी. निर्मात्याला पुढे काहीच मिळत नसे. ११ एप्रिल १९२६ रोजी त्यांचे निधन झाले आणि सँटा रोझातील आपल्याच बागेत ते विसावले. १९३० मध्ये अमेरिकेत वनस्पतींसाठी पेटंटचा कायदा झाला. मरणोत्तर १६ पेटंटे त्यांच्या नावे नोंदली गेली.

त्या कायद्याने कलमे व छाटांनी वाढणाऱ्या वाणांना संरक्षण दिले, परंतु बटाट्यासारखी कंदांपासून लावली जाणारी पिके वगळली. त्यामुळे ज्या वाणाने त्यांची कारकीर्द सुरू झाली, त्याला हा कायदा आधी आला असता तरी संरक्षण मिळाले नसते. ‘शास्टा डेझी’चे जुने ठोंब फोडून नवी रोपे लावणारे हौशी बागकाम करणारे मात्र आजही त्यांचाच वारसा पुढे नेत आहेत.