गोव्याच्या मातीतली जॉर्जियाची राणी

जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा भग्न मनोरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्याच पायथ्याच्या अवशेषांत एका परदेशी राणीच्या अस्थी शतकानुशतकं पडून होत्या.

ही राणी केतेवान. जॉर्जियातलं काखेती हे तिचं राज्य. इराणच्या शाह अब्बासच्या तावडीतून मुलाचं, तेमुराझचं, राज्य वाचावं म्हणून ती स्वतः बोलणी करायला गेली आणि ओलीस ठरली. शिराझमध्ये तिनं अनेक वर्षं कैद भोगली. धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये तिला हालहाल करून मारण्यात आलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या काही अस्थी १६२७ मध्ये गोव्यात आणल्या. पुढे मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि ढिगाऱ्यात राणी हरवली.

जुन्या पोर्तुगीज नोंदींच्या आधारे पुरातत्त्व खात्यानं शोध घेतला. २००४ मध्ये हाताचं एक हाड सापडलं. पण ते तिचंच कशावरून? हैदराबादच्या ‘सीसीएमबी’तल्या शास्त्रज्ञांनी आईकडूनच मिळणारा डीएनए तपासला. त्याचा प्रकार भारतात न आढळणारा, पण जॉर्जियात आढळणारा निघाला. नोंदी आणि विज्ञान यांचा मेळ बसला. २०२१ मध्ये भारतानं अस्थींचा काही भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

मुलासाठी घर सोडलेल्या या आईची ओळख पटली, तीही तिच्या आईनं दिलेल्या खुणेवरून!