एडविन आर्मस्ट्राँग – रेडिओचा कान

सुपरहेटेरोडाइन रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम व्हायवाला हमखास विचारतात. तो काढणारा माणूस कोण, हे कुणी विचारत नाही. मी त्याच्याबद्दल वाचायला बसले आणि सबमिशनच्या आठवड्यात दोन रात्री जागले!

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगचा जन्म १८९० चा, न्यूयॉर्कचा. शाळेपासून वायरलेसचं वेड. याँकर्सच्या घराच्या आवारात या पठ्ठ्याने स्वतः १२५ फुटी अँटेना उभारला. कोलंबिया युनिव्हर्सिटीत तो मोटरसायकलवरून जायचा. तेव्हा रेडिओ म्हणजे मुख्यतः मोर्स, आणि लांबचा सिग्नल हेडफोनमध्ये इतका बारीक, की श्वास रोखून ऐकावा लागे.

१९१२ मध्ये, म्हणजे २१ व्या वर्षी, त्याने ट्रायोडच्या आउटपुटचा थोडा भाग इनपुटच्या ट्यून्ड सर्किटला परत दिला. हेच रीजनरेशन. सिग्नल प्रचंड वाढला. शिवाय कॉइलमधला लॉस भरून निघाल्याने क्यू वाढला, बँडविड्थ अरुंद झाली आणि शेजारच्या स्टेशनांचा गोंधळ मागे पडला. फीडबॅक अजून वाढवला की तीच व्हॉल्व्ह ऑसिलेट होते, येणाऱ्या वेव्हशी बीट करते, आणि मोर्सची स्वच्छ शिट्टी ऐकू येते. एका व्हॉल्व्हमध्ये एवढं सगळं!

पण अरुंद म्हणजे किती अरुंद? आम्ही लॅबमध्ये मोर्ससाठी ऑप-अँपचा ऑडिओ फिल्टर केला होता : सेंटर ७०० हर्ट्झ, बँडविड्थ १०० हर्ट्झ, म्हणजे क्यू ७. छान चालतो. तीच बँडविड्थ २० हर्ट्झवर आणली तर फिल्टर घंटेसारखा घुमत राहतो. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात डॉट ६० मिलिसेकंदांचा, आणि घुमण्याचा टाइम कॉन्स्टंटच १६ मिलिसेकंद. डॉट एकमेकांत मिसळायला लागतात. रीजनरेशन फार ताणलं की तिथेही हेच होतं.

यावर सोयीचा मार्गही त्यानेच काढला. पहिल्या महायुद्धात तो सैन्यातर्फे पॅरिसला होता. तिथे १९१८ मध्ये त्याने सुपरहेट बनवला : कुठलंही स्टेशन असो, ते एका ठराविक फ्रिक्वेन्सीवर आणायचं आणि चांगला फिल्टर तिथे एकदाच लावायचा. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली या अमेरिकन हौशी ऑपरेटरने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून असाच रिसीव्हर लावला, आणि अटलांटिकपलीकडच्या हौशी मंडळींचा मोर्स पकडला. त्यांचं ते स्टेशन उभारणाऱ्यांत आर्मस्ट्राँग स्वतः होता.

आता वाईट भाग. रीजनरेशनच्या पेटंटला वडिलांनी पैसे दिले नाहीत, आधी डिग्री, मग बाकीचं (ओळखीचं वाटतंय ना?). मोटरसायकल विकूनही भागेना. शेवटी ३१ जानेवारी १९१३ ला त्याने सर्किटची आकृती नोटरीकडून साक्षांकित करून ठेवली. अर्ज गेला ऑक्टोबरमध्ये. पुढे ली डी फॉरेस्टनेही या शोधावर हक्क सांगितला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टात आर्मस्ट्राँग हरला. रेडिओ इंजिनिअर्सच्या संस्थेने पूर्वी दिलेलं पदक तो परत करायला गेला, तर संस्थेने ते घेतलंच नाही. इंजिनिअर लोकांना शोध कुणाचा ते माहीत होतं.

गंमत बघा, जन्मभर बँडविड्थ अरुंद करणाऱ्या या माणसाने नंतर उलटा विचार केला. मुद्दाम रुंद बँड वापरून त्याने नॉइझ घालवला. ते म्हणजे एफ.एम., पेटंट १९३३ चं. १९४५ मध्ये सरकारने एफ.एम.चा बँडच बदलला आणि आधीचे सगळे सेट निकामी झाले. आर.सी.ए. कंपनी रॉयल्टी देईना. १९४८ मध्ये त्याने दावा लावला. पैसा संपत गेला, घर मोडलं.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने आत्महत्या केली. नोटरीच्या त्या सहीला बरोबर ४१ वर्षं झाली होती.

उरलेल्या केसेस पत्नी मॅरियनने लढवल्या. मोटोरोलाविरुद्धची शेवटची केस १९६७ मध्ये निकालात निघाली. तीही तिने जिंकली.