यशवंतराव चव्हाण : राज्याचा कारभार जिल्ह्यापर्यंत नेणारे मुख्यमंत्री



आपल्यापैकी कितीतरी जणांच्या शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद प्राथमिक शाळा अशी अक्षरे आहेत. मुले रोज त्या पाटीखालून आत येतात. पण एखाद्याने विचारलं की गुरुजी, ही जिल्हा परिषद कुणी काढली आणि आपली शाळा तिच्याकडेच का, तर आपण काय सांगतो? नागरिकशास्त्राच्या तासाला अध्यक्ष, उपाध्यक्ष, विषय समित्या अशी रचना आपण पाठ करून घेतो. त्या रचनेमागचा माणूस मात्र राहून जातो.

१२ मार्चला जयंती आणि २५ नोव्हेंबरला पुण्यतिथी आली की यशवंतराव चव्हाणांवर भाषणे होतात. मंगलकलश, हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री या गोष्टी त्यात हमखास येतात. त्या सांगाव्यातच. पण राज्याचा विकास कसा आखायचा आणि तो आराखडा अमलात आणायला सरकारी खाती कशी लावायची, हा अवघड प्रश्न त्यांनी कसा हाताळला, ते फारसे सांगितले जात नाही. आजचा लेख त्याविषयी.

बालपण आणि शिक्षण

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच ते प्लेगने गेले. आई विठाई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण मुलांनी शिकलंच पाहिजे हा तिचा हट्ट होता. कराडला टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना गुरुजींनी मुलांना पुढे कोण व्हायचंय ते विचारले. कुणी मोठ्या पुढाऱ्यांची नावे घेतली. या मुलाने सांगितले की मी यशवंतराव चव्हाणच होणार. हा प्रसंग आपण वर्गात नेहमी सांगतो, तो याच शाळेतला.

स्वातंत्र्य चळवळीत १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली बी.ए. आणि पुण्याहून १९४१ साली एलएल.बी. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झाले आणि दोनच महिन्यांत छोडो भारत चळवळ सुरू झाली. यशवंतराव भूमिगत झाले. पुढे वेणूताईंनाही अटक झाली. ज्या घरात पोलीस येऊन झडती घेतात त्या घराला सरकार कसे दिसते, हे त्यांनी अनुभवले होते.

कारभाराची उमेदवारी

१९४६ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. १९५२ साली मंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडे पुरवठा खाते आले. हे खाते म्हणजे रेशनचे धान्य. अन्नटंचाईचे दिवस होते. गोदामातून निघालेले पोते दुकानापर्यंत पोचते की नाही, आणि नाही पोचले तर जबाबदार कोण, हे या खात्यात रोज बघावे लागे. नंतर स्थानिक स्वराज्याचे खातेही त्यांच्याकडे आले. पुढे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी जे केले त्याची उमेदवारी इथे झाली, असे मला वाटते.

चार जागच्या चार पद्धती

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा पेटलेली होती. माणसे गोळीबारात मेली होती. यशवंतरावांनी पक्षश्रेष्ठींची बाजू धरली म्हणून लोकांचा त्यांच्यावर मोठा राग होता. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली आणि ते स्वतः कराडमधून थोडक्या मतांनी निवडून आले. लोकांचा विश्वास असा तुटलेला असताना त्यांना राज्य चालवायचे होते.

त्यात राज्य होते जोडकामाचे. जुन्या मुंबई इलाख्याचा मुलूख होताच. त्याला मध्य प्रदेशातून आलेले विदर्भाचे ८ जिल्हे, हैदराबाद राज्यातून आलेले मराठवाड्याचे ५ जिल्हे आणि तिकडे सौराष्ट्र व कच्छ जोडले गेले. प्रत्येक ठिकाणचे कायदे वेगळे, पगारश्रेणी वेगळ्या, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या. मराठवाड्यात निजामाच्या काळातले उर्दू दप्तर होते. नागपूर तर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर, तिथल्या माणसांना आता मुंबईकडे तोंड करून बसायचे होते.

हीच गोष्ट शाळांची. मुंबई इलाख्यात जिल्हा लोकल बोर्ड आणि शिक्षणासाठी वेगळे जिल्हा स्कूल बोर्ड होते. विदर्भात जनपद सभा होत्या. एकाच राज्यातल्या दोन गुरुजींचे मालक वेगवेगळे!

१ मे १९६० रोजी २६ जिल्ह्यांचा महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरू लागले. कारभार मराठीत आणायचा तर शब्द हवेत, म्हणून १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले. त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले.

योजना कुठे अडते?

आता थोडे सोप्या भाषेत बघू. त्या काळी राज्याची पंचवार्षिक योजना कशी व्हायची? शेती, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य अशी प्रत्येक खात्याची आपापली यादी. या याद्या सचिवालयात, म्हणजे आज ज्याला आपण मंत्रालय म्हणतो तिथे, एकत्र व्हायच्या. मग दिल्लीला नियोजन आयोगाशी चर्चा, केंद्राची मदत ठरणे, राज्याचे अंदाजपत्रक. त्यानंतर पैसा पुन्हा खात्याखात्यातून खाली उतरायचा.

अडचण खालच्या टोकाला होती. गावात विहीर एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, शाळा तिसऱ्याची. प्रत्येक खात्याचा माणूस आपल्या वरच्या साहेबाला जबाबदार. गावकऱ्याने दाद मागायची कुणाकडे? तर कलेक्टरकडे. कलेक्टरची कचेरी मुळात उभी राहिली होती ती शेतसारा वसूल करायला आणि बंदोबस्त राखायला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली देशभराच्या सामूहिक विकास योजनांची पाहणी करून हेच दुखणे दाखवले होते. लोकांच्या निवडून आलेल्या संस्थेकडे सत्ता दिल्याशिवाय लोक योजनेला आपली मानणार नाहीत, हा तिचा निष्कर्ष होता.

जिल्हा परिषदेचा जन्म

राज्य स्थापन होऊन दोन महिनेही झाले नव्हते. जून १९६० मध्ये यशवंतरावांच्या सरकारने महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मार्च १९६१ मध्ये आला. त्यावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ तयार झाला. १ मे १९६२ रोजी, राज्याच्या दुसऱ्या वाढदिवशी, मुंबई सोडून बाकीच्या २५ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

इतर राज्यांनी बहुधा तालुका किंवा गट पातळीवरच्या समितीला जास्त महत्त्व दिले होते. महाराष्ट्राने जिल्ह्याला दिले. कारण साधे आहे. इंजिनिअर, आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी असे जाणकार अधिकारी प्रत्येक तालुक्याला पुरवणे परवडणारे नव्हते. जिल्ह्याला ते देता येत होते.

दुसरे असे की खाती खरोखर हलवली. प्राथमिक शिक्षण, जिल्ह्यातले रस्ते, दवाखाने, शेती, पशुसंवर्धन, छोटे पाटबंधारे यांची बरीच कामे आणि ती करणारे कर्मचारी जिल्हा परिषदेकडे गेले. स्कूल बोर्डे आणि जनपद सभा गेल्या, सगळे गुरुजी एका छत्राखाली आले. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळे पद निर्माण केले. तालुक्याला गटविकास अधिकारी आला.

तिसरी गोष्ट राजकारणातली, आणि ती सगळ्यात अवघड. आमदार-खासदारांना परिषदेचे सभासद केले नाही. मुंबईत बसून कायदे करणाऱ्यांनी जिल्ह्याचा रोजचा कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवायचा होता. हातातली सत्ता सोडायला कुणाला आवडते? तरी हे झाले. त्यामुळे गावोगावची नवी पोरे कारभार शिकली. जिल्हा परिषद सदस्य म्हणून सुरुवात करून पुढे उपमुख्यमंत्री झालेले आर. आर. पाटील हे त्यातलेच एक.

उद्योग आणि सहकार

प्रत्येक काम जिल्हा परिषदेने करावे असे मात्र त्यांनी ठरवले नाही. कारखाने मुंबई-ठाण्यातच दाटले होते. ते बाहेर न्यायचे तर जमीन, रस्ता, पाणी, वीज एकदम तयार मिळायला हवी. वेगवेगळ्या खात्यांच्या दारात फिरणारा उद्योजक कंटाळून परत जाणार. म्हणून त्यासाठी एकच महामंडळ काढले. १९६१ च्या कायद्याने एमआयडीसी आली आणि १ ऑगस्ट १९६२ पासून तिचे काम सुरू झाले. कोयनेची वीजही त्याच वर्षी मिळू लागली.

शेतीमालासाठी त्यांनी सहकाराचा रस्ता धरला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी तो आधीच दाखवला होता. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा, स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालचा पाटबंधारे आयोग ही सगळी याच दोन वर्षांतली कामे. शिक्षणात आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फी माफ झाली. औरंगाबादला १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि कोल्हापूरला १९६२ साली शिवाजी विद्यापीठ उभे राहिले.

काय राहून गेले

मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना उणे लपवू नये, मुलांना ते कळतंच. जिल्हा परिषदेला कामे मिळाली, माणसे मिळाली, पण स्वतःचे उत्पन्न फार थोडे मिळाले. पैसा मुख्यतः राज्याच्या अनुदानातून येत राहिला. तिजोरीची किल्ली मुंबईतच राहिली. सत्तरच्या दशकात जिल्ह्याच्या योजनेसाठी वेगळे नियोजन व विकास मंडळ आले. जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षस्थानी आज पालकमंत्री असतात. म्हणजे जिल्ह्याचा आराखडा ठरवायला मंत्री पुन्हा जिल्ह्यात आले.

सहकारी कारखान्यांनी गावे वर आणली, तशी काही घराण्यांच्या हाती सत्ताही गोळा झाली. मराठवाडा-विदर्भाला दिलेला समतोल विकासाचा शब्द पुरा झाला नाही. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली हा अनुशेष मोजला, तो सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला.

हे सगळे यशवंतरावांच्या माथी मारता येत नाही. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. जिल्हा परिषदा तेव्हा जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. पण किल्लीचा प्रश्न आधीच सोडवायला हवा होता, असे म्हणायला जागा आहे.

अखेरचे दिवस

दिल्लीत त्यांनी संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळली, काही काळ उपपंतप्रधानही होते. त्यांना मूलबाळ नव्हते. १९८३ साली वेणूताई गेल्या आणि ते फार एकटे पडले. त्यांच्या आत्मचरित्राचा कृष्णाकाठ हा पहिला भाग तेवढा झाला, पुढचे भाग राहिले. शेवटचे मोठे काम होते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद. केंद्राकडे जमणाऱ्या पैशातला राज्यांचा वाटा ठरवायचे हे काम. कधीकाळी राज्याचा मुख्यमंत्री म्हणून दिल्लीकडे पैसे मागणारा माणूस आता वाटपाच्या बाजूला बसला होता. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

वर्गात काय घेता येईल?

सहलीला प्रीतिसंगमावर मुलांना नेतो तेव्हा फोटो काढून परत येतो. यावेळी जाण्याआधी वर्गात एवढं करून बघा. गावातल्या चार गोष्टी मुलांना निवडू द्या : शाळा, रस्ता, नळ, दवाखाना. यातले प्रत्येक काम कुणाकडे आहे, पैसा कुठून येतो, आणि बिघडलं तर कुणाला विचारायचं, हे त्यांनी ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत जाऊन विचारून यावे. पालकांनी सोबत जावे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांना गावातच किंवा तालुक्याला मिळाले, तर १९६२ ची ती व्यवस्था अजून जिवंत आहे असे समजा. प्रत्येक वेळी बोट मुंबईकडे जात असेल, तर त्याची चर्चा वर्गात मोकळेपणाने होऊ द्या. नागरिकशास्त्राचा तो तास मुले विसरणार नाहीत.