परमुलखात शाळा उभारणारे कुर्ट हान

पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेल्या कुटुंबाला काम मिळते, घरही मिळते. पण मुलांनी शिकावे कोठे हा प्रश्न मागे उरतोच. आमच्या पूर्वजांनी या बेटावर बैठका चालवून तो आपल्यापुरता सोडवला. दिवसभर उसाच्या मळ्यात राबावे आणि संध्याकाळी मुलांना अक्षरओळख द्यावी, असा तो क्रम होता. तिकडे जिनिव्हात १९२४ साली राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे अशा शाळा अनेक देशांत झाल्या. पण दहा देशांची मुले एका बाकावर बसली एवढ्याने ती एकमेकांची होतात काय? त्यांनी मिळून करावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या कुर्ट हान यांचे चरित्र आम्ही आज सादर करीत आहोत.

हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिन येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. अठराव्या वर्षी त्यांना उन्हाचा जबर तडाखा बसला. त्याचा त्रास त्यांना जन्मभर पुरला. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचे दिवसही त्यांनी काढले. ऑक्सफर्ड आणि जर्मनीतील विद्यापीठांतून त्यांनी शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन परराष्ट्र खात्यात इंग्रजी वर्तमानपत्रे वाचून त्यांचा गोषवारा काढण्याचे काम करीत. पुढे ते प्रिन्स मॅक्स यांचे खासगी चिटणीस झाले. हे बाडेनचे राजपुत्र कैसरच्या राजवटीचे शेवटचे चॅन्सेलर होते.

युद्ध हरलेल्या देशात नवी पिढी कशी घडवावी, ही चिंता दोघांनाही होती. १९२० साली त्यांनी कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या सालेम येथील जुन्या मठाच्या वाड्यात शाळा काढली. तेथे पुस्तकी अभ्यासाबरोबर मैदान, हातकाम आणि इतरांची जबाबदारी यांनाही तेवढाच मान होता.

या शिक्षणाची कसोटी १९३२ मध्ये लागली. पोटेम्पा गावात हिटलरच्या वादळी दलाच्या माणसांनी एका कामगाराचा त्याच्या आईदेखत खून केला. न्यायालयाने मारेकऱ्यांना देहदंड सांगितला, तर हिटलरने तार करून त्यांची उघड पाठराखण केली. हान यांना गप्प बसणे सहज शक्य होते. ते ज्यू, त्यात नाझींचा जोर वाढलेला. शाळा टिकवायची तर मौन हाच शहाणपणा, असे कोणीही म्हटले असते. परंतु त्यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहिली. जे नाझी दलांत असतील त्यांनी हिटलर किंवा सालेम यांपैकी एकाची निवड करावी, असा त्या पत्रांचा आशय होता. मार्च १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी मध्यस्थी केल्यावर ते सुटले आणि त्याच वर्षी देश सोडून ब्रिटनला गेले.

सत्तेचाळिसाव्या वर्षी घरदार, शाळा, मायभूमी सारे मागे राहिले. आता हान स्वतःच परदेशस्थ झाले होते. तरी १९३४ साली त्यांनी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ गॉर्डनस्टन येथे दुसरी शाळा सुरू केली. सुरुवातीला मुले मोजकीच होती. त्यांत सालेमहून आलेले ग्रीसचे राजपुत्र फिलिप होते, जे पुढे एलिझाबेथ राणीचे पती झाले. येथील मुले वादळाच्या वेळी किनाऱ्यावर पहारा देत, होड्या वल्हवीत. समुद्रात सापडलेल्या माणसाला वाचवताना तो कोणत्या देशाचा हे कोणी विचारीत नाही, ही गोष्ट मुलांनी कामातून शिकावी अशी हान यांची इच्छा होती. आपण बेटावरची माणसे, आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात जहाजे बुडाल्यावर दणकट तरुण खलाशी आधी धीर सोडत आणि वयस्कर खलाशी तगून राहत, असा अनुभव सांगितला जाई. म्हणून १९४१ साली हान यांनी जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने वेल्समधील अ‍ॅबरडवी येथे तरुणांसाठी सुमारे महिनाभराचा शिक्षणक्रम सुरू केला. आउटवर्ड बाउंड ही जगभर पसरलेली संस्था त्यातूनच वाढली.

१९५५ साली हान पॅरिसला नाटोच्या सेनाधिकाऱ्यांच्या विद्यालयात गेले. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे अधिकारी तेथे एकत्र शिकत होते. मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना असे एकत्र का आणू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. आंतोनँ बेस यांनी वेल्सच्या किनाऱ्यावरचा सेंट डोनाट्स किल्ला दिला आणि १९६२ साली तेथे अटलांटिक कॉलेज उघडले. पहिले प्रमुख डेस्मंड होर हे निवृत्त नौदल अधिकारी होते. त्यांनी विद्यार्थ्यांसह बचावकार्यासाठी हवा भरलेल्या कडांची, टणक बुडाची होडी तयार केली. तिचे हक्क त्यांनी ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला अवघ्या एका पौंडाला दिले. आज अशा होड्या जगभर वापरल्या जातात.

सिंगापूरला १९७१ साली मुख्यतः परदेशी कुटुंबांच्या मुलांसाठी निघालेली शाळा १९७५ मध्ये या परिवारात आली. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात १९९७ साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. हान मात्र ते पाहायला नव्हते. १४ डिसेंबर १९७४ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, सालेमजवळ त्यांचे निधन झाले. ज्या मातीने त्यांना हाकलले, तिनेच शेवटी कुशीत घेतले.

हान यांचे सगळेच गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. गॉर्डनस्टनची शिस्त फिलिप यांना मानवली. त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांना ती जाचली, हे सर्वांना ठाऊक आहे. फीचे आकडेही सामान्य माणसाला भोवळ आणणारे असत. धनिकांच्या मुलांबरोबर गरिबांचीही मुले असावीत असा हान यांचा आग्रह होता. त्यासाठी या परिवारातील शाळा शिष्यवृत्त्या देतात. पण शिष्यवृत्ती मिळते ती थोड्यांनाच.

आज आपल्यापैकी अनेक घरांतील मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बेटाबाहेर जातात आणि तेथे पुन्हा त्यांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा पालकांनी फी विचारावी, निकाल विचारावा, भाषा विचारावी. त्याबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : या शाळेतील मुले शाळेबाहेरच्या कोणाच्या उपयोगी पडतात? हान यांनी दोन देशांत शाळा काढताना आपल्या शिक्षकांपुढे हाच प्रश्न ठेवला होता.