केडगावची मुक्ती : पंडिता रमाबाईंनी वसविलेले स्त्रियांचे गाव

पनवेलहून कर्जतमार्गे पुणे आणि पुढे दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पुणे मागे पडल्यानंतर केडगाव हे लहानसे स्थानक लागते. खिडकीतून दिसणाऱ्या शेतशिवाराकडे पाहून प्रवाशाला कल्पनाही येत नाही, की सव्वाशे वर्षांपूर्वी येथील माळावर केवळ स्त्रियांचे एक गाव वसले होते. त्या गावाची शेती स्त्रियाच करीत, तेलाचा घाणा त्याच चालवीत, कापड त्याच विणीत आणि छापखान्यात खिळेही त्याच जुळवीत. या गावाचे नाव मुक्ती आणि ते वसविणाऱ्या होत्या पंडिता रमाबाई.

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात रमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्या चरित्रातील केडगावचे पर्व बहुधा दोन-चार ओळींत आटोपले जाते. पुण्याच्या सुधारक वर्तुळाने त्यांच्याकडे पाठ फिरविली ती धर्मांतराच्या प्रश्नावरून, आणि त्यानंतरची तीस वर्षे जणू मराठी समाजाच्या स्मरणातून पुसली गेली. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम याच तीस वर्षांत झाले.

भटकंतीचे बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न पंडित. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. आईच्या तोंडून ऐकता ऐकता लहानग्या रमेला पुराणांतील हजारो श्लोक मुखोद्गत झाले. पुढे घरची मालमत्ता गेली आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांची वाट तुडवू लागले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळी मुलखात वडील आणि पाठोपाठ आई यांचे निधन झाले. थोरली बहीणही गेली. उरले ते रमा आणि भाऊ श्रीनिवास. उपाशीपोटी, अनवाणी ही दोघे हिंदुस्थानभर फिरली. भुकेची ही आठवण रमाबाईंच्या मनातून कधीच गेली नाही. केडगावचे मूळ शोधायचे तर ते येथे शोधावे लागते.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत पांडित्याची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगासमोर स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची गरज मांडली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात त्यांचा मुक्काम होता. याच संघाच्या भगिनी पतित मानलेल्या स्त्रियांना आश्रय देऊन सन्मानाने वागवितात, हे पाहून त्या भारावल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि धर्म स्वीकारला म्हणून धर्मगुरूंची सत्ता त्यांनी मान्य केली नाही. चर्चच्या अनेक सिद्धांतांवर त्यांनी आपल्या मठवासी गुरुभगिनींशी प्रदीर्घ वाद घातला.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे जवळपास तीन वर्षे राहून त्यांनी शाळा पाहिल्या, व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ लिहिला. १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या अर्थसाह्याची हमी मिळाली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

पुण्याशी ताटातूट

शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींना स्वतःहून श्रद्धा निवडण्याचा अधिकार आहे, ही रमाबाईंची भूमिका होती. अल्पवयीन आणि निराश्रित मुलीच्या बाबतीत ही निवड कितपत मुक्त, हा टीकाकारांचा प्रश्नही निराधार नव्हता. या वादात कोणतीही बाजू मागे हटली नाही.

त्याच वर्षी सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी पुढे उभारलेल्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याचा एक धागा असा शारदा सदनापर्यंत पोहोचतो.

दुष्काळातून उभे राहिलेले गाव

बोस्टनची मदत १८९८ मध्ये थांबणार होती. तेव्हा फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, या हिशेबाने रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. विहिरी खोदल्या, झाडे लावली. पण झाडांना फळे धरण्याआधीच माणसे आली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपल्या आईवडिलांचा अंत आठवून रमाबाई तेथे धावल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन परतल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारी निर्बंधांमुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. साहजिकच सर्वांची रवानगी केडगावच्या माळावर झाली. प्रारंभी तात्पुरत्या निवाऱ्यात राहून या मुलींची वस्ती उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि मुक्तीची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींना केवळ दानावर पोसणे शक्य नव्हते आणि रमाबाईंना ते मान्यही नव्हते. मुक्तीत प्रत्येकीला शाळा होती, तसेच प्रत्येकीला काम होते. शेती, दुभती जनावरे, विणकाम, शिवण, तेलघाणा, धोबीकाम, छपाई अशी कामे वाटून दिलेली असत. अंध स्त्रियांसाठी बार्तीमय सदन होते आणि तेथे ब्रेल लिपीबरोबर वेतकामही शिकविले जाई. वाँटेजच्या आठवणीतून कृपासदन निघाले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. जात, प्रांत, भाषा यांचे भेद एका पंगतीत आणि एका कामात विरघळून जावेत, ही त्यामागील दृष्टी होती.

१९०५ चा कंप

जून १९०५ च्या अखेरीस या वसतीत एक विलक्षण घटना घडली. वेल्समध्ये १९०४ साली आणि पाठोपाठ खासी टेकड्यांत ख्रिस्ती धर्मजागृतीची लाट आली होती. तशीच लाट आपल्याकडे यावी म्हणून मुक्तीतील शेकडो स्त्रिया अनेक महिने रोज प्रार्थना करीत होत्या. अखेरीस तो आवेग उसळला. मुली थरथर कापू लागल्या, रडू लागल्या, मोठ्याने आपली पापे कबूल करू लागल्या. एकाच वेळी शेकडो जणी उच्च स्वरात प्रार्थना करीत. पुढच्या वर्षी काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्याचीही नोंद आहे. मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत धर्मप्रचारासाठी फिरू लागल्या.

ख्रिस्ती जगात अशा कंपाची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील मँचेस्टरजवळ उदयास आलेल्या एका पंथाला प्रार्थनेतील थरथरण्यामुळेच शेकर हे नाव पडले. अ‍ॅन ली या कष्टकरी स्त्रीच्या नेतृत्वाखाली तो १७७४ मध्ये अमेरिकेत गेला. शेकरांनी खेडोपाडी वसाहती केल्या, मालमत्ता सामाईक ठेवली, स्त्री-पुरुषांना समान अधिकार दिले, श्रमाला उपासना मानले आणि अनाथ मुले सांभाळली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांची संख्या काही हजारांवर होती. आज अमेरिकेतील मेन राज्यात त्यांची एकच वसाहत उरली आहे आणि तेथील सभासद बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

दोन्हींतील साम्य उघड आहे, पण भेद अधिक महत्त्वाचा आहे. शेकरांनी ब्रह्मचर्य हा सभासदत्वाचा नियम केला. सांभाळलेली बहुतेक मुले मोठी झाल्यावर निघून गेली आणि वसाहती ओस पडल्या. मुक्तीत तसा नियम नव्हता. मुलींनी तेथे आयुष्यभर राहावे, अशी अपेक्षाही नव्हती. अनेक जणी शिक्षिका व परिचारिका झाल्या, अनेकींनी विवाह करून संसार थाटले. काही तेथेच राहून नव्याने येणाऱ्या मुलींच्या आया झाल्या. मुक्तीतून मुलगी बाहेर पडणे हे तेथील कामाचे अपयश मानले जात नव्हते.

१९०५ च्या घटनेवर परदेशी मिशनऱ्यांतही नापसंती उमटली. हा आवाज, हे रडणे त्यांना शिस्तीबाहेरचे वाटले. रमाबाईंनी मुलींना आवर घातला नाही. भारतीय स्त्रीने भारतीय रीतीने ईश्वराला आळवावे, त्यासाठी पाश्चात्त्य शिष्टाचाराचे माप लावू नये, अशी त्यांची धारणा होती. सुमारे वीस वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये वाद घालणारी आणि पुण्यात दार उघडे ठेवणारी हीच स्त्री होती, हे विसरता येत नाही. तेव्हा हिंदू सुधारक दुखावले होते, आता ख्रिस्ती सहकारी साशंक झाले. स्त्रीच्या श्रद्धेवर दुसऱ्याने पहारा ठेवू नये, हे तत्त्व त्यांनी दोन्हीकडे पाळले आणि त्याची किंमतही दोन्हीकडे मोजली.

अखेरचे काम

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी अनुवादाला दिली. उपलब्ध भाषांतरे खेड्यातील बाईला कळत नाहीत, असे त्यांना वाटे. संस्कृतची ही पंडिता त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकली आणि तिने भाषा मात्र मुद्दाम साधी ठेवली. मजकुराचे खिळे मुक्तीच्या छापखान्यातील मुलींनी जुळविले. ज्या मुली दुष्काळात रस्त्यावर सापडल्या होत्या, त्यांच्याच हातून हा ग्रंथ आकाराला येत होता.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा वारली. आईचे काम पुढे नेणारी एकुलती एक लेक अशी आधीच गेली. त्यानंतर वर्षाच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. अनुवादाचे काम तोवर हातावेगळे झाले होते आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे चित्र असलेले तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे आणि निराधार स्त्रिया व मुलांना तेथे आश्रय मिळतो. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल मतभेद होते आणि यापुढेही राहतील. पण उपासमारीने आई गमावलेल्या एका मुलीने दोन हजार जणींना जेवू घातले, शिकविले आणि स्वतःच्या पायांवर उभे केले, ही नोंद त्या मतभेदांखाली दडून राहावी, हे मराठी समाजाला भूषणावह नाही.