खारेपाटातला बांध कोणाचा?

मे महिन्यात पोयनाडवरून अलिबागला जाताना एसटीच्या खिडकीतून कधी बाहेर बघितलंत का? भातकापणी होऊन महिने उलटलेल्या शेतांवर ठिकठिकाणी पांढरट पापुद्रा दिसतो. बोट लावून जिभेवर ठेवा, खारट लागेल. हा आपला खारेपाट. भरतीच्या पाण्याला मातीचा बांध घालून, खाडीकडून एकेक तुकडा मागून घेतलेली ही जमीन.

या जमिनीची तब्येत बिघडते कशी, हे आधी समजून घ्या. पावसाळ्यात गोडं पाणी शेतात साचतं, मीठ खाली दाबतं आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर पडताना बरंचसं सोबत घेऊन जातं. म्हणून इथे पावसाळ्यात भात होतं. उन्हाळ्यात उलटं होतं. माती तापते, खालचं पाणी वर चढतं, वाफ होऊन उडून जातं आणि मीठ तेवढं मागे उरतं. हा तोल टिकतो तो फक्त बाहेरकाठ्याच्या जिवावर. त्या बाहेरच्या बांधाला खांड गेली की एका उधाणात खाडी आत शिरते, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं तरी त्या शेतात काही पिकत नाही.

आता प्रश्न असा, की हा बांध राखायचा कोणी? ज्या माणसाने हा प्रश्न कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, सगळ्यात मोठ्याने विचारला त्याचं नाव नारायण नागू पाटील. चरीच्या संपामुळे तुम्ही ते ऐकलं असेल.

नारायण नागू अलिबाग तालुक्यातल्या शहाबाजचे. शेतकरी घरातले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जन्मलेले. त्यांच्या तरुणपणी इथली बरीचशी जमीन खोतांच्या ताब्यात होती. चिखलात उतरून राबायचं कुळाने आणि अर्धं पीक जायचं खोताच्या कोठारात. वर वेठबिगार वेगळी. कबुलायतीचे कागद असे, की पुढच्या वर्षी हीच जमीन कसायला मिळेल याची खात्री नाही.

आता तुम्ही त्या कुळाच्या जागी उभे राहून विचार करा. खाऱ्या जमिनीचं मीठ एका वर्षात उतरत नाही. दरवर्षी बांधावर माती टाका, उघाडी साफ ठेवा, पावसाचं पाणी अडवून पुन्हा सोडा, तेव्हा कुठे ती सुधारते. पण यंदा मी मीठ काढायचं आणि पुढच्या वर्षी खोताने जमीन दुसऱ्याला द्यायची, असं असेल तर मी हात का दुखवून घेऊ? खोत तर चिखलात उतरणारच नाही. म्हणजे जमिनीची काळजी करणाऱ्याला हक्क नाही आणि हक्क असणाऱ्याला काळजी नाही.

नारायण नागूंनी गावोगाव फिरून लोकांना हेच समजावलं. 1930 च्या अखेरीस पेणला कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली. कुळांच्या मागण्या पहिल्यांदा एकत्र मांडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने सभांवर बंदी घातली. ती उठल्यावर 27 ऑक्टोबर 1933 ला चरी गावात सभा झाली आणि ठरलं, की खोताची जमीन कसायचीच नाही. 25 गावांनी नांगर खाली ठेवला.

सहा वर्षं! तुमचं ज्युनिअर कॉलेज आणि डिग्री धरली तरी पाचच होतात. तेवढा काळ या गावांनी भात लावलं नाही. शेतकऱ्याच्या घरात तांदूळ नाही, ही काय गोष्ट असते ते आजी-आजोबांना विचारा. लोकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे-चिंबोऱ्या पकडल्या, मिळेल ती मजुरी केली. जमीन ओस पडलेली दिसत होती आणि ती आपणच ओस ठेवलीय हेही माहीत होतं. ज्याचं मातीवर प्रेम असतं त्याला हे उपाशी राहण्याइतकंच जड जातं.

या लढ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साथ दिली. 1934 च्या डिसेंबरमध्ये ते स्वतः चरीला आले. पुढे सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केलं. 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. शेवटी महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले आणि 1939 मध्ये संप मिटला. कसणाऱ्याला कूळ म्हणून कायद्यात जागा मिळाली. 1948 चा कुळकायदा, 1949 चा खोती रद्द करणारा कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन हे सगळे याच वाटेवरचे टप्पे.

नारायण नागूंना जाऊन आता कित्येक दशकं झाली. त्यांच्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. जमीन कसणाऱ्याची झाली. बांधाचं काय?

1948 मध्येच खारजमिनींसाठी वेगळा कायदाही आला आणि बाहेरकाठ्यांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. गावाने मिळून बांधावर माती टाकायची सवय मात्र सुटत गेली. आज अलिबाग-पेणच्या पट्ट्यात खांडी जातात, वेळेवर बुजत नाहीत, आणि शेतात कांदळवन उगवतं. कांदळवन वाईट नाही, बांधाच्या बाहेर ते लाटांचा मार अडवतं. पण ते आत आलं की तोडता येत नाही आणि सातबाऱ्यावर नाव असूनही शेत हातचं जातं.

केंद्र सरकारने 19 फेब्रुवारी 2015 ला मृदा आरोग्य पत्रिका सुरू केली. त्यात मातीच्या 12 गोष्टी तपासतात. नत्र-स्फुरद-पालाशबरोबर ‘विद्युत वाहकता’ असाही एक आकडा असतो. माती किती खारी, ते तो सांगतो. आपल्याकडे सगळ्यात आधी वाचायचा आकडा हाच. पण एक अडचण आहे. कोरडवाहू भागात 10 हेक्टरांसाठी एक नमुना घेण्याची पद्धत ठरली. खारेपाटात खांडीजवळचं शेत आणि चार शेतं आतलं शेत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय मे महिन्यातला नमुना आणि पावसानंतरचा नमुना वेगवेगळं बोलतात.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. तुमच्या किंवा मित्राच्या शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन माती गोळा करा, मिसळा, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा आणि जवळच्या माती परीक्षण केंद्रात द्या. पिशवीवर तारीख आणि बांधापासूनचं अंतर लिहायला विसरू नका. पावसाळ्यानंतर पुन्हा तेच करा. गावातल्या पाच-दहा जणांनी केलं, तर मीठ कुठून शिरतंय याचा नकाशाच तयार होईल. तो घेऊन ग्रामसभेत उभं राहता येतं.

एकट्याच्या बांधाला अर्थ नसतो, हे चरीच्या लोकांना पक्कं माहीत होतं. 25 पैकी दहा गावं फुटली असती तर संप संपला असता. बाहेरकाठ्याचंही तसंच आहे. खांड एका जागी जाते, खारं पाणी सगळ्यांच्या शेतात येतं.